तारिहाचे बारा तास

गारा पहाटेच पडून गेल्या होत्या. बसस्थानकाच्या उतारावर त्यांचा थर गोठून काचेसारखा झाला होता आणि बाया घागरे सावरत, एकमेकींचा दंड धरून, पाय आडवे टाकत वर चढत होत्या. ऑक्टोबर संपत आला की पोतोसीत असंच असतं. थंडी जायला तयार नसते आणि पावसाला यायची घाई झालेली असते. मी खिडकीची फळी उघडली, गोठलेल्या शाईच्या गादीवर दोनदा तोंडाची वाफ सोडली आणि तिकिटांचं पुस्तक पुढ्यात ओढलं. खिडकीबाहेर दोन्या बासिलिया, म्हणजे बासिलियाबाई, घसा शेकत उभी होती.

घसा शेकणं हे तिचं रोजचं पहिलं काम. दालचिनीचं कढत पाणी, त्यात बूच भरेल एवढी द्राक्षाची दारू. पेला दोन्ही तळव्यांत धरून ती आधी वाफ आत ओढायची, मग घोट घ्यायची, मग एकदाच खाकरायची. शाल खांद्यावरून मागं टाकायची आणि हाक सोडायची, "तारिहा, तारिहा, तारिहाऽऽ."

आमच्या स्थानकात गाड्या पाट्यांवर चालत नाहीत, गळ्यांवर चालतात. ज्या त्या कंपनीची आपापली ओरडणारी बाई. सुक्रेच्या गाडीची योला कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी टपटप ओरडते. ओरुरोवालीची हाक म्हणजे भांडण. बासिलियाच्या पहिल्या दोन हाका झटपट यायच्या, तिसरी मात्र लांबत जायची आणि टोकाला खाली वाकायची, टेकडीपलीकडं गेलेल्या माणसाला हाक मारल्यासारखी. बावीस वर्षं ती या एकाच गावाचं नाव ओरडत होती. माझी खिडकी तिच्या पाठीशी होती त्यातली अकरा.

तिची एकच खोड होती, आणि ती सगळ्या स्थानकाला ठाऊक होती. गाडीत बसणारा माणूस विचारतो काय, तर किती तास. या प्रश्नाला खरं उत्तर देणारी बाई आमच्याकडं जन्मली नाही. ओरुरो सहा तास असेल तर पाच सांगतात. सुक्रेच्या तीन तासांना योला 'बसलात की उतरलातच' म्हणते. बासिलिया मात्र वाढवून सांगायची. तारिहा म्हणजे साडेतीनशे किलोमीटर, सगळी डांबरी सडक, वाटेत कामार्गोला जेवण धरूनही सात तास. ती सांगायची बारा. वर म्हणायची, शिदोरी बांधून घे गं बाई, लेकरासाठी आणखी एक घोंगडी घे. मग ती बाई घाबरून पलीकडच्या खिडकीवर जायची. तिथली पोरगी सहा सांगायची. गिऱ्हाईक गेलं.

मालक रेमिहियो महिन्यातून एकदा यायचे आणि याच गोष्टीवरून तोंड सोडायचे. एकदा म्हणाले की शिळं चीज ताजं म्हणून विकणाऱ्या बाया मी ढिगानं पाहिल्या, पण ताजं चीज शिळं म्हणून विकणारी तू पहिलीच. बासिलिया पेला खाली ठेवत शांतपणे म्हणाली,

"मालक, बारा सांगून सातात उतरवला तर मानूस आशीर्वाद देतो. सा सांगून आठात उतरवला तर आईवरनं शिव्या घालतो. मी तुमच्यासाठी आशीर्वाद गोळा करतेय."

मालक हसले. तिला काढणं त्यांना जमणारं नव्हतं. तिचा नवरा फाबियान एकोणीस वर्षं त्यांच्या बापाची गाडी याच रस्त्यावर चालवत होता.

तेव्हाचा रस्ता म्हणजे कड्याला खरवडलेला एक पट्टा. एका बाजूला दरी, पावसाळ्यात वाटेतल्या नद्या. नदीला पाणी असलं की गाडी काठावर उभी, पाणी उतरेतो. फाबियान किलोमीटर कधी बोलला नाही. तो म्हणायचा, किलोमीटर इंजिनेराचे, तास ड्रायव्हरचे. बारा तास हे सगळं नीट झालं तर. त्यानं एकदा चौदा काढले, एकदा दोन दिवस. कामार्गोपर्यंत कोकाच्या पानांचे इतके गोळे गालात, पुढं इतके, असा त्याचा हिशोब चालायचा. म्हणजे बारा हा आकडा बासिलियानं काही हवेतून आणला नव्हता. तो तिच्या घरात जेवायला बसलेला आकडा होता.

त्यांचा एकुलता मुलगा एल्मेर एकोणिसाव्या वर्षी याच गाडीत बसून तारिहाला गेला. तिकडं ऊन असतं, द्राक्षं पिकतात, माणसाच्या ओठांना चिरा पडत नाहीत. आधी द्राक्षाच्या मळ्यात, मग फरशीच्या दुकानात. दुकानदाराची मुलगी बायको झाली. सुरुवातीला तो वर्षातून दोनदा यायचा, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, कंबर धरून उतरायचा. आई त्याला गरम पाण्यात पाय बुडवून बसवायची आणि येताजाता शेजाऱ्यांना सांगायची, बारा तास बसून आलाय माझा पोर.

मग सरकारनं डांबर घालायला घेतलं. तुकड्यातुकड्यानं, वर्षानुवर्षं. बाराचे दहा झाले, दहाचे आठ, आठाचे सात. आणि रस्ता जसजसा आखूड होत गेला तसतसा एल्मेर लांब जात राहिला. वर्षातून दोनदाचं एकदा झालं. मग दोन वर्षांतून एकदा. मग फोन. नातू झाला तेव्हा बासिलिया स्वतः जाऊन आली, तिसऱ्याच दिवशी परत. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, सुनेच्या घरात फरशी फार गुळगुळीत आहे, उभं राहायला भीती वाटते. त्यानंतर तिनं ती गोष्ट काढली नाही.

तिच्या गल्लीतल्या बाया पिठाच्या गिरणीत, नळावर विचारायच्या, पोरगं का येत नाही गं. ती म्हणायची, लांब आहे, बारा तास. बाया मान हलवायच्या. वर खाणीच्या उतारावरच्या त्या वस्तीतून तारिहाला जाणारं कोण असणार? आकडा खपून जायचा. आणि गल्लीत बारा सांगायचे तर स्थानकात सात कसे ओरडायचे? गल्लीतलं कुणीही कधीही खाली स्थानकात येऊ शकतं. हे मला कळायला पाच वर्षं लागली. कळल्यावर मी पलीकडं गेलेल्या गिऱ्हाइकांबद्दल तिला बोलायची थांबले.

फाबियान गेला त्याला त्या नोव्हेंबरात तिसरं वर्ष होतं. आमच्याकडं गेलेला माणूस तीन वर्षं पाहुणा म्हणून येतो. एक नोव्हेंबरला दुपारी बाराच्या ठोक्याला आत्मा घरात शिरतो, दुसऱ्या दिवशी बाराला निघतो. त्यासाठी मेज मांडायचं, पावाच्या बाहुल्या, पावाच्या शिड्या, पावाचे घोडे, त्याच्या आवडीचं जेवण. पहिली दोन वर्षं कशीही गेली तरी चालतात. तिसरं वर्ष निरोपाचं. त्यानंतर तो परत येत नाही. त्या वर्षी पोटचा मुलगा नसला तर बापाला वाट कोण दाखवणार, असं आमच्या म्हाताऱ्या म्हणतात. पहिल्या दोन्ही वर्षी एल्मेर आला नव्हता.

दहा दिवस आधी बासिलियानं माझ्या खिडकीशी उभं राहून त्याला फोन लावला. तो येतो म्हणाला. नुसता येतो नाही, सुट्टी सांगून ठेवलीय म्हणाला. त्या दिवशी तिनं दुपारच्या गाडीला इतकी मोठी हाक दिली की योलानं कानात बोटं घातली आणि विचारलं, काय दोन्या, लग्न जमलं का कुठं. बासिलिया म्हणाली, जमलंय, वऱ्हाड तारिहाहून येतंय.

मग तिची धावपळ. पीठ, चरबी, बडीशेप. तिच्या गल्लीच्या टोकाला दोन्या खुस्ताची भट्टी आहे, तिथून तिनं पाव भाजायचे सहा पत्रे उसने आणले आणि दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. आमचा ड्रायव्हर बेन्तुरा एकेकाळी फाबियानच्या हाताखाली शिकलेला. एकतीस तारखेची तारिहाहून निघणारी गाडी त्याचीच होती. त्याला तिनं सात नंबरची जागा राखायला सांगितली, खिडकीची, चाकापासून लांबची. आणि मग माझ्याकडं वळून बोटांवर मोजत म्हणाली,

"रातच्या धाला बसंल. कामार्गोत उतरून च्या पेईल. सात तास. पाचाला हितं."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडून सात हा आकडा मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

एक तारखेला पहाटे पाचला मी पोचले तेव्हा ती फलाटावर होती. ठेवणीतली शाल, वेण्यांना नवी लोकरी गोंड्यांची दोरी. डोंगरामागून उजेड फुटत होता. बेन्तुराची गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी लागली. माणसं उतरली, घोंगड्या उतरल्या, कोंबड्यांची टोपली उतरली. सगळ्यात शेवटी बेन्तुरा उतरला आणि टोपी काढून उभा राहिला.

जागा रिकामीच आली, तो म्हणाला. तारिहात त्यानं दहा मिनिटं जास्त थांबून बघितलं. कामार्गोत एक म्हातारा हात जोडत होता, त्यालाही तिथं बसू दिलं नाही, उभा आणला.

"म्हाताऱ्याला बसवायचं रे," बासिलिया म्हणाली. "उगा त्याचे पाय."

मग ती माझ्या खिडकीशी आली. फोन मागितला नाही, नुसता हात पुढं केला. मी नंबर लावून दिला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

एल्मेरची बोली आता तिकडची झाली होती, सावकाश, गात बोलल्यासारखी. आधी त्यानं विचारलं, गाडी पोचली का. म्हणजे वेळ त्याला पाठ होती. मग म्हणाला, काल उशिरा माल आला, सासरे एकटे, नकार कसा देणार. मग धाकट्या लेकीला खोकला. एकेक कारण तो पुढं सरकवत होता आणि ती 'हं' म्हणून ठेवून घेत होती. शेवटी तो म्हणाला,

"तुला तर माहीतच आहे, आई. बारा तास जायचे, बारा यायचे. एका सुट्टीत कसं बसवणार?"

हे बारा तास बासिलियानंच त्याला शिवून दिले होते, लेकराला थंडीत घालायला बंडी शिवावी तसे. इतकी वर्षं तो ते अंगात घालून ऊबेत बसला होता. आताही तिनं फक्त 'व्हय रं बाबा, लांबच हाय' एवढं म्हटलं असतं तर सगळं होतं तसं राहिलं असतं. मला वाटलं, ती तेच म्हणेल.

"एल्मेर," ती म्हणाली, "सात तास लागतात."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सकाळी सातची गाडी हाय. दोनला हितं. मेज उद्या बारापत्तोर मांडलेलं असतं. तुझ्या बापाला घाई न्हाई."

"आई, तूच तर सगळ्यांना बारा..."

"व्हय. मीच सांगत हुते. आता सात सांगते."

मागं कुठं तरी पोर खरंच खोकत होतं. मग तो म्हणाला, "बघतो."

आमच्याकडं 'बघतो' म्हणणाऱ्यासाठी कुणी ताट राखत नाही. पण बासिलियानं फोन परत देताना मला सांगितलं की सातच्या गाडीत असेल तर दोनला तूच घेऊन ये त्याला वर, त्याला गल्ली आठवायची नाही, मधे दोन नवी घरं झालीत. आणि ती गेली. घरच्या माणसाला त्या दिवशी मेजापासून हलता येत नाही.

मी दिवसभर तिकिटं फाडली. सणाच्या दिवशी स्थानक निम्मं रिकामं असतं. बारा वाजता सगळ्या देवळांच्या घंटा एकदम सुरू झाल्या आणि हमालसुद्धा टोप्या काढून उभे राहिले. ज्याचा त्याचा कुणी तरी कुठल्या तरी घरात शिरला. एवढा लांबचा प्रवास, आणि एकालाही उशीर नाही, योला म्हणाली. मी तिला गप्प बस म्हटलं.

तारिहाची गाडी दोन वाजून पाच मिनिटांनी आली. मी खिडकी लावून फलाटावर गेले. चौदा माणसं उतरली. मी दारातून आत चढून मागच्या बाकड्यापर्यंत बघून आले. ड्रायव्हरनं विचारलं काय हरवलं, मी म्हटलं काही नाही.

मी एकटीच उतार चढून बासिलियाच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत गल्लीतली माणसं भिंतीला लागून बसलेली, म्हाताऱ्या जपमाळ ओढत होत्या. मेजावर काळं कापड, वर शिड्या, घोडे, पावाच्या बाहुल्यांची रांग. मधोमध फाबियानच्या आवडीचं मक्याचं दाट सार, तापलेला दगड आत सोडलेलं, अजून बुडबुडत होतं. त्याच्या बाजूला एक माशी बसली होती. आत्मा माशी होऊन येतो म्हणतात, म्हणून तिला कुणी हाकलत नव्हतं. मेजाच्या उजव्या अंगाला एक खुर्ची मोकळी होती.

मी आत आले. बासिलियानं माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडं, एकदा बघितलं. पुन्हा बघितलं नाही.

भट्टीवाल्या दोन्या खुस्तानं जपमाळ थांबवली आणि कणवेनं म्हणाली, पोराला नाही ना जमलं, कसं जमणार, बारा तास म्हणजे काय थट्टा आहे, हाडं खिळखिळी होतात माणसाची. बाकीच्या म्हाताऱ्यांनी च्च च्च केलं. सगळी गल्ली त्या बारा तासांखाली दाटीवाटीनं उभी होती, पावसात एका वळचणीखाली उभं राहावं तशी, आणि बासिलियासाठी मधे जागा ठेवली होती.

"सात तास हाय, काकी," बासिलिया म्हणाली. "कवापासनं सातच हाय. दोनाची गाडी आली. त्यो आला न्हाई."

दोन्या खुस्तानं माळेचे मणी उगाच मागं ओढले, कुठं होते ते विसरल्यासारखे. मग तिनंच पुढची प्रार्थना सुरू केली, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. बासिलिया उठली आणि ती मोकळी खुर्ची मला बसायला दिली. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, बस, उभी किती राहशील, दिवसभर बसून काम करणारी तू.

दुसऱ्या दिवशी मेज उठवायचं. ते घरच्या माणसानं उठवायचं नसतं, म्हणून मी आणि योला गेलो होतो. बासिलिया उंबऱ्यात पाठ करून उभी राहिली, रीत तशी आहे. आम्ही पाव वाटले, ज्यानं प्रार्थना म्हटली त्याच्या पदरात बाहुली, पोरांच्या हातात घोडे. बारा व्हायला थोडं कमी असताना बेन्तुरा धापा टाकत आला, गाडी धुवायची सोडून, हातांना अजून साबण. निरोप द्यायला मुलगा नाही हे त्यालाही कळलं होतं. तो मेजाशी जाऊन उभा राहिला. काय म्हणायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, मुलानंच म्हणायचं असतं ते.

घंटा सुरू झाल्या. बेन्तुरानं ओला पंजा उघडला आणि मेजाच्या कडेवर दोनदा थाप मारली, सगळी माणसं चढली की गाडीच्या पत्र्यावर मारतात तशी.

"चला उस्ताद," तो म्हणाला. "रस्ता मोकळा हाय."

बासिलियाचे खांदे हलले. ती वळली नाही. योला तिच्याकडं जायला निघाली, मी तिचा हात धरला.

माणसं हळूहळू पांगली. काळं कापड मी घडी करून ट्रंकेत ठेवलं. खोली आधी होती त्याहून मोठी दिसू लागली. सार थंड झालं होतं, दगडाभोवती त्याची साय धरली होती. माझा फोन मी मेजाच्या कोपऱ्यावर ठेवला होता. तो वाजला नाही, आणि ती त्याच्याकडं बघतही नव्हती. मी म्हटलं, आज राहू का रात्री. ती म्हणाली, तुला घर नाही का. मग जरा वेळानं म्हणाली, हिल्दा, लांब असता तर मला सोपं होतं गं.

योला शाल गुंडाळून दारात थांबली होती, म्हणून मी निघाले.

अंगणात भिंतीला ते सहा पत्रे टेकवून ठेवले होते, पाव चिकटून काळे झालेले. बासिलियानं बाह्या वर सरकवल्या, चुलीतली मूठभर राख आणली, पहिला पत्रा मांडीवर आडवा घेतला आणि सुरीच्या पाठीनं खरवडायला बसली. दोन्या खुस्ताला ते संध्याकाळच्या भट्टीला परत हवे होते.